टाळ्या मिळतात, लग्नं थांबत नाहीत: बालविवाहावरचं पथनाट्य कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मुलामुलींचा गट आहे. त्यांनी बालविवाहावर वीस मिनिटांचं पथनाट्य बसवलं आणि अकरा गावांत प्रयोग केले. सगळीकडे टाळ्या पडल्या, सरपंचांनी शाल-नारळ दिलं. सगळ्यात जास्त टाळ्या जिथे पडल्या त्याच गावात पंधरा दिवसांनी नववीतल्या एका मुलीचं लग्न लागलं, आणि टाळ्या वाजवणारे पंगतीला होते. गटाच्या प्राध्यापकांनी संहिता पाठवून विचारलंय: नाटकाचा उपयोग तरी काय, आणि आमचं चुकलं कुठे?

सर, आधी एक विचारते, राग मानू नका. त्या पंगतीला तुमच्या गटातलं कोणी होतं का?

विचारायला कारण आहे. मी या कामाला लागले त्याला आता २८ वर्षं होतील. पहिल्या गटात आम्ही हुंड्यावर नाटक करायचो. लोभी नवरदेवाचं काम करणारा मुलगा फार गोड होता, आवाज खणखणीत. 'मोटारसायकल पायजे' म्हणून तो रुसून बसला की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दीड वर्षात साठेक प्रयोग झाले. मग त्याचं लग्न ठरलं आणि त्याने मोटारसायकल घेतली, खरीखुरी. आम्ही सगळे लग्नाला गेलो, जेवलो, त्या मोटारसायकलवर बसून फोटोसुद्धा काढले. परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही. नाटकातला संवाद न् संवाद त्याला पाठ होता. हुंडा वाईट हे त्याला कळलं नव्हतं, असं कसं म्हणणार?

तुमच्या नाटकाची अडचण हीच आहे. 'जनजागृती' या शब्दात गाव झोपलेलं आणि आपण जागे असं गृहीत धरलेलं असतं. मुलीला अठरा पूर्ण लागतात हे बीड जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? पत्रिका न छापता, वाजंत्री न लावता, पाहुण्यांच्या शेतात भल्या पहाटे लग्न का लागतं? ज्याला कायदा माहीत नसतो तो लपवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि बीडचा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर होता. इतकी घरं अडाणी नाहीतर निर्दय आहेत असं धरून नाटक लिहिलं, तर ती घरं नाटक बघताना शेजारच्याकडे बघतात. 'अशी माणसं असतात खरी' म्हणतात आणि मनापासून टाळ्या वाजवतात. तुमच्या टाळ्या त्या आहेत.

संहिता वाचली. 'ऐका हो ऐका'ने सुरुवात. बाप दारुडा, हातात बाटली. आई कोपऱ्यात रडते. मुलगी म्हणते, 'बाबा, मला शिकायचंय.' गुरुजी येऊन कलमं सांगतात. मुलगी बाळंतपणात मरते, पोलीस आईबापांना बेड्या घालतात, आणि शेवटी सगळे गोठून उभे राहून प्रेक्षकांकडे बोट दाखवतात: 'तुम्ही! तुम्ही! तुम्ही!' मी हे नाटक निदान दोनशे वेळा पाहिलं असेल. विषय बदलतो, बाटली आणि बोट तेच राहतं. मुलांनी मेहनत घेतलीय हे कागदावरही दिसतं, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या तालुक्यात लेकीचं लग्न लवकर लावणारे किती बाप दारुडे आहेत? मला भेटलेले बहुतेक बाप कर्जाने वाकलेले, लेकीवर जीव असलेले आणि भ्यालेले होते. जीव आहे म्हणूनच भ्यालेले. हा बाप उभा केलात तर गावाला हसता येणार नाही.

आणि ऊसतोड कुठे आहे? बीडमध्ये या विषयावर नाटक करायचं आणि त्यात कोयता नाही, हे मला समजलं नाही. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुलगा सतरा-अठराचा झाला की त्याचं लग्न लावलं म्हणजे अर्ध्याचा पूर्ण होतो, उचल वाढते. मुलीच्या घरचं गणित वेगळं असतं. सहा महिने आईबाप उसाच्या फडात असणार, तर वयात आलेली पोर ठेवायची कोणाकडे? म्हातारी धड असली तर ठीक. सोबत न्यावी तर कोपीला, तिथल्या झोपडीला, दार नाही. आई पहाटे अंधारात फडात गेली की पोर दिवसभर एकटी, वर धाकट्या भावंडांना सांभाळायचं, पाणी भरायचं. काही बरंवाईट झालं तर बोभाटा. त्यापेक्षा 'उरकून टाकलेलं बरं.' हंगामाच्या तोंडावर घाईघाईत, कधी थेट कारखान्यावर लागणाऱ्या लग्नांना आपल्याकडे 'गेटकेन' म्हणतात. शब्द मूळचा कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेरून येणाऱ्या उसाचा. लेकीच्या लग्नाला उसाचं नाव मिळालंय! हा एक शब्द नाटकाचं नाव व्हायला पुरेसा होता.

तेव्हा आहे ती संहिता बाजूला ठेवा. गटातल्या मुलामुलींना आठ दिवस गावात राहायला पाठवा. सर्वेक्षणाचे फॉर्म देऊ नका. फॉर्म पाहिला की माणसं सरकारी मराठी बोलायला लागतात. भाकरी थापताना, पाण्याच्या टाकीपाशी, म्हातारीच्या खाटेजवळ बसायचं आणि रात्री वहीत फक्त वाक्यं उतरवायची. 'तुम्ही लेकीचं लग्न लवकर का लावलंत' हे विचारायचं नाही. 'तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्हाला काय काय यायचं?' असं विचारायचं. एका बाईने मला सांगितलं होतं, 'भाकरी येत व्हती, गोल येत नव्हती.' दुसरी म्हणाली, 'पाळणा हलवायला मी होते आन् पाळण्यात बी मीच होते.' असली वाक्यं कुठल्याही नाटककाराला बसल्या जागी सुचत नाहीत. तुमच्या संहितेत 'बालविवाह ही सामाजिक समस्या आहे' असं एक पात्र म्हणतं. गावात कोणी बालविवाह करत नाही. तिथे हात पिवळे करतात, उजवतात, उरकतात, जबाबदारीतून मोकळे होतात. नाटक या क्रियापदांवर बसवा.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. एका बाईची कहाणी जशीच्या तशी उचलायची नाही. चार-पाच कहाण्या मिसळा, तपशील फिरवा, आणि ज्या गावात वाक्यं गोळा केली तिथे पहिला प्रयोग करू नका. हे मी चूक करून शिकले. दारूवरच्या एका नाटकात आम्ही गावातल्याच एका बाईने सांगितलेला प्रसंग घेतला होता. नाव बदललं, पण नवऱ्याची शिवी तीच ठेवली, कारण शिवी फार 'नाट्यमय' होती. पहिल्याच मिनिटाला गावाने ओळखलं. लोक हसले आणि तो माणूसही हसला. त्या रात्री त्याने तिला मारलं. सकाळी आमची जीप निघाली तेव्हा ती हापशावर उभी होती, तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या अहवालात त्या प्रयोगाला 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

आता नाटक कसं रचायचं ते सांगते. आमचा एक प्रसंग असा आहे. रात्र, घरासमोरची ओसरी. परवा टोळी निघायची आहे. उचल घेतलेली आहे आणि निम्मी खर्च झालीय. मुलगी आठवीत आहे. तिची आजी, जिच्याजवळ ती दर वर्षी राहायची, ती श्रावणात वारली. मामा एक स्थळ घेऊन आलाय: मुलगा कष्टाळू, व्यसन नाही, 'नारळ अन् मुलगी' एवढंच मागतात. बाप गप्प आहे. आई म्हणते, 'हिला कोणाच्या भरवशावर ठेवू?' इथे नाटक थांबतं. खलनायक कोणी नाही, कोणी मेलेलं नाही, आणि वेळ फक्त उद्याचा दिवस आहे.

मग आमचा सोंगाड्या पुढे येऊन प्रेक्षकांना विचारतो, 'बोला, काय करावं ह्या माऊलीनं?' पहिली उत्तरं नेहमी शहाणी असतात: शिकवा, कायदा आहे, अठरा पूर्ण होऊ द्या. सोंगाड्या म्हणतो, 'झ्याक! या की मग हितं, बसा आईच्या जागेवर.' माणूस लाजत लाजत रिंगणात येऊन बसतो. आता आमचा मामा त्याच्याशी वाद घालतो, शेजारीण टोमणे मारते, मुकादमाचा फोन येतो. शहाणं उत्तर दोन मिनिटंही टिकत नाही. दुसरा उठतो, तिसरा येतो. गावाला रंग चढतो, कारण आता कुस्ती लागलेली असते. खरी गोष्ट चौथ्या-पाचव्या माणसाला घडते.

एका वस्तीवर साठीची एक बाई उठली. रिंगणात आलीच नाही, बसल्या जागेवरून म्हणाली, 'मी ठेवते पोरीला. पर मला दिसत नाही नीट, सयपाक तिनंच करायचा, आन् रेशन कुठलं?' त्यावर बायकांत जे सुरू झालं ते आम्हाला लिहिता आलं नसतं. हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली शाळेत मुलांना जेवण मिळायला हवं, ते इथे का मिळत नाही, यादी कोणी केली, कोणाच्या पोरांची नावं आली आणि कोणाची राहिली. पथनाट्य संपलं तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते आणि गावातले गुरुजी घाम पुसत होते. त्या हंगामात त्या वस्तीवरच्या चार मुली मागे राहिल्या. दोघींची लग्नं झाली. हा हिशोब मी पूर्ण सांगते, कारण आपल्या कामात अर्धाच सांगायची सवय फार आहे.

या पद्धतीला बाहेर 'फोरम थिएटर' म्हणतात. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी ती घडवली, आणि आपल्या देशात पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या 'जन संस्कृती'ने ती खेडोपाडी रुजवली. नाटक थांबवून प्रेक्षकांशी बोलणाऱ्याला बोआल 'जोकर' म्हणत. हे पहिल्यांदा शिबिरात ऐकलं तेव्हा आमच्या ढोलकीवाल्या काकांनी विचारलं, 'मग आपला सोंगाड्या काय करतो?' त्यांचं बरोबर होतं. तमाशाच्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांच्या भागात, सोंगाड्या कधीही गोष्टीबाहेर येऊन समोरच्या पाटलाला टोमणा मारू शकतो आणि पाटील रागावू शकत नाही, ही मुभा तमाशाने केव्हाच देऊन ठेवलीय. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे आणि १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक, या सगळ्यांनी तमाशाचा ओळखीचा साचा ठेवून आतला माल बदलला. अण्णा भाऊंनी तर गणात गणपतीऐवजी मायभूला आणि शिवाजी महाराजांना वंदन घातलं. प्रेक्षक बिचकला नाही, कारण ढोलकी तीच होती. तुमच्या गटातली मुलं काळा कुर्ता आणि जीन्स घालून घोषणा देत येतात, तेव्हा गाव त्यांना योजनेची माहिती देणारे समजतं आणि तशाच कानांनी ऐकतं.

बोआल यांचीच एक गोष्ट तुमच्या गटाला मुद्दाम सांगा. त्यांच्या तरुणपणी ईशान्य ब्राझीलमध्ये त्यांचा गट शेतकऱ्यांसमोर नाटक करत होता: जमिनीसाठी रक्त सांडू, हातात बंदुका, जोरदार गाणं. प्रयोग संपल्यावर विर्जिलिओ नावाचा एक शेतकरी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, आधी जेवू या, मग तुमच्या बंदुका घेऊन आमच्याबरोबर चला, जमीनदाराच्या माणसांना हुसकू. गटाला सांगावं लागलं की बंदुका लाकडी आहेत. ठीक आहे, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही फक्त चला, असं तो म्हणाला. ते गेले नाहीत. तेव्हा त्याला कळलं की हे जे रक्त सांडा म्हणत होते ते आमचंच. बोआल यांनी स्वतःच्या शरमेची ही गोष्ट स्वतः लिहून ठेवलीय. तुमच्या संहितेतली मुलगी ओरडते, 'मी बंड करीन!' आपण संध्याकाळच्या गाडीने घरी येतो. बंड करणारी मुलगी त्याच घरात झोपते.

म्हणून नाटकाच्या शेवटी एक दार उघडं पाहिजे, आणि ते खरं पाहिजे. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' आठवा, १८५५ सालचं. गर्भार जोगाबाई आणि तिचा कुणबी नवरा यांना जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो, मध्ये विदूषक टोमणे मारत राहतो, आणि शेवटी ते जोडपं फुल्यांच्या रात्रशाळेत शिकायला जायचं ठरवतं. त्याच साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. नाटकातल्या शाळेला खरोखरचं दार होतं! आपल्या नाटकाच्या शेवटी काय असतं? 'चला शपथ घेऊ या.'

तुमचं दार कोणतं, हे प्रयोगाआधी ठरवा. प्रयोग संपला की कोणीतरी मुलगी येईल, हे नक्की समजा. ती 'माझं लग्न ठरलंय' असं म्हणणार नाही. 'ताई, तुमचं नाटक छान होतं, तुम्ही कुठं राहता?' असं म्हणेल आणि हलणार नाही. तिच्याशी बोलायला गटातली एक मुलगी मोकळी ठेवा. तिला नाटकात काम देऊ नका, तिचं काम हेच. १०९८ हा क्रमांक गटात प्रत्येकाला पाठ हवा. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला आणि अंगणवाडी ताईंना प्रयोगाआधी भेटून या. नुसतं निमंत्रण द्यायला जाऊ नका. फोन आला तर पहिल्या तासात काय करणार, हे त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता वहीत ठेवा. आणि मुलीचं नाव आपापसांत, मोबाईलच्या ग्रुपवरसुद्धा, घेऊ नका. एका ठिकाणी गटातल्याच उत्साही मुलाने मुलीच्या घरी जाऊन बापाला 'समजावलं'. लग्न चार दिवस अलीकडे आलं.

कायदा नीट वाचून मगच पात्रांच्या तोंडी घाला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण कोणत्याही स्त्रीला कैदेची शिक्षा देता येत नाही. तुमच्या नाटकात पोलीस आईला बेड्या घालतात. समोर बसलेल्या आईने ते खरं मानलं तर उद्या लेक मदत मागायला निघाली की ती आधी स्वतःच दार लावून घेईल. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. लग्न लागून गेलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीला विसाव्या वर्षापर्यंत, ते रद्द करून घेता येतं. गावात सतरा-अठराच्या कितीतरी सुना प्रेक्षकांत बसलेल्या असतात. तुमची मुलगी बाळंतपणात मरते तेव्हा त्या काय ऐकत असतील, याचा विचार केलात का? त्यांच्यासाठी नाटकात एक ओळ तरी ठेवा.

जागेबद्दल. तुम्ही अकराही प्रयोग मारुतीच्या पारावर केलेत. तिथे कोण येतं? पुरुष, शाळेची मुलं, आणि लांब भिंतीला टेकून चार बायका. दलित वस्ती येत नाही, तांडा तर नाहीच. नाटक कुठे करायचं हे ठरवलं की कोणासाठी करायचं हेही ठरून जातं. पारावर एक करा, हवं तर, गावाचा मान म्हणून. दुसरा प्रयोग वस्तीवर किंवा तांड्यावर, आणि तांड्यावर दोन वाक्यं तरी गोरबोलीतली, म्हणजे बंजारा बोलीतली, हवीत, तिथल्याच मुलाच्या तोंडची. रिंगण करताना बायकांना आधी बसवा, पुरुषांना मागे. हे सांगावं लागतं, आपोआप होत नाही. वेळ जेवणं झाल्यावरची. हंगामात कोप्यांवर प्रयोग करणार असाल तर पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका, बायका पहाटे तीनला उठलेल्या असतात. माईक नको. हलगी हवी, पण ती कोण वाजवतो याचं भान ठेवा. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याकडून गावाने हलगी फुकट वाजवून घेतली, त्याच घरातल्या मुलाला 'तू वाजव, तुला येतं' म्हणून कोपऱ्यात उभं करायचं, हे आपल्या नाटकात होता कामा नये. आमच्याकडे हलगी सगळ्यांनी शिकायची असते. वाईट वाजते, पण चालतं.

शाल-नारळ बंद. दीपप्रज्वलन, सत्कार, चार भाषणं यांत पाऊण तास जातो आणि पाहुणे उठून गेले की नाटक पाहायला कुत्री उरतात. शिवाय मानाच्या खुर्चीत जो बसतो त्याच्याबद्दल नाटकात बोलता येत नाही. तुमच्या संहितेत मुकादम नाही. का नाही हे तुम्हाला ठाऊक असणार. काही गावांत मुकादम आणि सरपंच एकच किंवा एकाच घरातले असतात. मी तुम्हाला नाव घेऊन अंगावर जा असं म्हणत नाही. पथनाट्याची किंमत काय असू शकते हे सफदर हाश्मींच्या बाबतीत देशाने पाहिलंय. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला कामगारांसमोर 'हल्ला बोल' चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हा फुकाचं शौर्य नको. पण आमच्या नाटकात मुकादम फक्त फोनवर बोलतो, गोड आवाजात, 'ताई, आपल्या घरचंच समजा.' एवढ्यावर गाव ओळखतं.

काम कोण करणार, हा शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कॉलेजच्या मुलांनी सुरुवात करावी, पण दोन वर्षांनीही तेच आईचं काम करत असतील तर काहीतरी अडलंय. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' केलं, ते संघटनेतल्या साध्या बायकांच्या बळावर, आणि त्याचे प्रयोग हजारांवर गेले. अतुल पेठे यांनी २०१२ मध्ये गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. झाडू मारून आलेली माणसं फुल्यांचे शब्द बोलत होती. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ पासून चाललेलं बुधन थिएटर बघा. ज्या समाजावर इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच समाजाची मुलं पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या बुधन सबरची गोष्ट सांगतात. तिथे कोणी कोणाला जागं करत नाही. आपलं आपण बोलतात, ऐकणाऱ्याने ऐकावं.

ऊसतोडीच्या बाया नाटक करतील का? करतात. पाठांतर होत नाही, म्हणून पाठांतर ठेवायचंच नाही, प्रसंग ठरवायचा आणि बोलायचं. जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या आयांनी रचल्या त्यांना आपण संवाद लिहून द्यायचे, हा उद्धटपणा मी दहा वर्षं केला. अडचण वेगळीच येते. नवरे परवानगी देत नाहीत, सासवा आणखी नाहीत. आमच्या एका गटात सासूलाच सासूचं काम दिलं. आता ती रिहर्सल चुकवत नाही आणि सुनेला चुकवू देत नाही. नाटकातली सासू मात्र खऱ्या सासूपेक्षा फार बरी निघाली, त्यावर सून एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, 'घरी बी नाटकच करा की!'

निधी देणारे तुम्हाला प्रयोगांची संख्या, उपस्थिती आणि फोटो मागतील. द्या, पोटाला ते लागतं. पण स्वतःसाठी दुसरी वही ठेवा. प्रत्येक प्रयोगात कितवा माणूस उठेपर्यंत शहाणी उत्तरं आली, कोणत्या वाक्यावर गाव गप्प झालं, कोणी मध्येच उठून गेलं, आणि पंधरा दिवसांनी त्याच गावात नाटकाशिवाय नुसतं जाऊन बसल्यावर काय ऐकू आलं. अकरा गावांत एकेक प्रयोग करण्यापेक्षा तीन गावांत चार-चार फेऱ्या करा. दसऱ्याच्या आधीचे दोन महिने महत्त्वाचे, कारण उचल तेव्हा घेतलेली असते आणि निर्णय त्याच रात्री होतात. पाडव्यानंतर परतलेल्या बायांबरोबर बसून नाटक रचा, भाद्रपदात ते घेऊन फिरा.

आणि नवी संहिता लिहिलीत तर मला पाठवू नका. ती वाक्यांची वही पाठवा. अक्षर कसंही असलं तरी लावून वाचेन.